निर्दोष मुक्तता आणि लोकमान्यता : अक्कू यादव प्रकरणावरील सार्वजनिक चर्चेची व चित्रणांची चिकित्सा

प्रस्तावना

१३ ऑगस्ट २००४ रोजी दुपारी नागपूरच्या जिल्हा व सत्र न्यायालयात भरत कालीचरण ऊर्फ अक्कू यादव या आरोपीची जमावाने हत्या केली. उत्तर नागपुरातील जरीपटका परिसरातल्या कस्तुरबानगर या वस्तीवर त्याची अनेक वर्षे दहशत होती. खून, बलात्कार, खंडणी, घरात घुसून मारहाण असे गंभीर आरोप त्याच्यावर होते. पोलीस बंदोबस्तात त्याला न्यायालयात आणले गेले असताना वस्तीतील स्त्रियांचा मोठा समुदाय तेथे पोचला. तिखटाची पूड, स्वयंपाकघरातील सुऱ्या आणि दगड ही हल्ल्याची साधने होती, असे त्या काळातील वृत्तांतांवरून दिसते. प्रारंभी काही स्त्रियांना अटक झाली, तेव्हा ‘आम्हा सर्वांनाच अटक करा’ अशी भूमिका वस्तीने घेतली. पुढे तपास सीआयडीकडे गेला. आरोपपत्रात स्त्रियांबरोबर पुरुषांचीही नावे आली. तब्बल दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, नागपूरच्या न्यायालयाने उरलेल्या सर्व आरोपींची पुराव्याअभावी मुक्तता केली.

या घटनेवर वृत्तपत्रांतून, चर्चासत्रांतून आणि अलीकडे चित्रपट व वृत्तमालिकेतून विपुल मंथन झाले आहे. त्यातील बहुतेक मांडणी ‘स्त्रियांनी कायदा हातात घेतला, तो योग्य की अयोग्य?’ या एकाच प्रश्नाभोवती फिरते. प्रस्तुत लेखाचा रोख त्याआधीच्या प्रश्नाकडे आहे. न्यायालयाने नेमके काय म्हटले आणि समाजाने त्यातून काय ऐकले, यांतील अंतर तपासणे हे या लेखाचे प्रयोजन होय. स्वसंरक्षणाच्या दाव्यातून सुटलेल्या व्यक्तीभोवती उठणारे वादळ ही केवळ नागपूरची गोष्ट नाही. अमेरिकेतील केनोशा येथील बंदूकधारी तरुणाचा २०२१ मधील खटला आणि मुंबईतील १९५९ चे नानावटी प्रकरण यांच्या संदर्भात ठेवले असता नागपूरच्या चर्चेतील एक मूलभूत अंतर्विरोध स्पष्ट होतो.

एका शब्दातील चार विधाने

मराठीत ‘ॲक्विटल’साठी ‘निर्दोष मुक्तता’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. वृत्तपत्रांचे मथळे त्याच शब्दांत लिहिले जातात. मात्र हा प्रयोग न्यायालयाच्या निष्कर्षापेक्षा एक पाऊल पुढे जातो. आरोप सिद्ध झाला नाही, एवढेच न्यायालय बहुतेक वेळा सांगते. ‘निर्दोष’ हे विशेषण मात्र व्यक्तीच्या चारित्र्यालाच जाऊन चिकटते. ‘पुराव्याअभावी सुटका’ किंवा ‘संशयाचा फायदा देऊन सुटका’ असे अधिक काटेकोर पर्याय भाषेत उपलब्ध असूनही ते दुय्यम मानले जातात. जणू तसे सुटलेल्या माणसाच्या अंगावर थोडासा डाग शिल्लक राहतो.

वस्तुतः मुक्ततेच्या निकालाभोवती चार निरनिराळी विधाने वावरत असतात. पहिले, ‘आरोपीने हे कृत्य केलेच नाही.’ दुसरे, ‘आरोपीने हे कृत्य केले असे सिद्ध झाले नाही.’ तिसरे, ‘आरोपीने कृत्य केले, परंतु कायद्याच्या अपवादात बसत असल्याने तो गुन्हा ठरत नाही.’ चौथे, ‘आरोपीने कृत्य केले आणि ते योग्यच केले.’ पहिली तीन विधाने न्यायालयाच्या कक्षेत येतात. चौथे विधान करणे हे न्यायालयाचे काम नाही. ते नीतीचे, राजकारणाचे आणि साहित्याचे क्षेत्र आहे. सार्वजनिक चर्चेतील गोंधळ बहुतांशी असा निर्माण होतो, की न्यायालय दुसरे किंवा तिसरे विधान करते आणि समाज चौथे ऐकतो.

खाजगी संरक्षणाच्या हक्काची चौकट

तिसऱ्या विधानाचा मुख्य आधार म्हणजे खाजगी संरक्षणाचा हक्क. भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये तो नमूद होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये आला आहे. मृत्यूची, जबर दुखापतीची, बलात्काराची किंवा अपहरणाची वाजवी भीती असल्यास हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंत हा हक्क पोचतो. त्याला दोन महत्त्वाच्या मर्यादा आहेत. संरक्षणासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही. आणि सार्वजनिक प्राधिकाऱ्यांकडे दाद मागण्यास वेळ असेल, तर हा हक्क उद्भवतच नाही. सर्वोच्च न्यायालयाने दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१०) या खटल्यात या हक्काची तत्त्वे संकलित केली. जीव धोक्यात असलेल्या माणसाने प्रतिकाराची मात्रा सोन्याच्या तराजूत तोलावी अशी अपेक्षा करता येत नाही, ही या विषयावरील न्यायालयांची जुनी भूमिका आहे.

दर्शनसिंग खटल्यात जमिनीच्या वादातून हल्ला झाला असता बंदूक चालली, एक माणूस मरण पावला आणि आरोपी अखेर स्वसंरक्षणाच्या आधारे सुटला. विधी महाविद्यालयांत हा निकाल शिकवला जातो. परंतु त्यातील आरोपीला कोणी नायक केले नाही आणि खलनायकही केले नाही. मुक्तता आपोआप वादंग माजवत नाही, असा याचा अर्थ. समाजाला त्या व्यक्तीत स्वतःची एखादी बाजू दिसू लागते, तेव्हाच निकालाचे रूपांतर प्रतीकात होते.

केनोशा : बंदूकधारी तरुण आणि दोन अमेरिका

तिसऱ्या विधानाचे रूपांतर चौथ्या विधानात कसे होते, याचे अलीकडचे ठळक उदाहरण अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात घडले. केनोशा शहरात ऑगस्ट २०२० मध्ये पोलिसाने एका कृष्णवर्णीय माणसावर गोळ्या झाडल्यानंतर निदर्शने आणि जाळपोळ सुरू झाली. २५ ऑगस्टच्या रात्री काइल रिटनहाउस हा १७ वर्षांचा तरुण अर्धस्वयंचलित रायफल घेऊन तेथे उपस्थित होता. मालमत्तेचे रक्षण आणि जखमींना मदत हे आपले उद्दिष्ट होते, असे त्याचे म्हणणे. त्या रात्री त्याच्या गोळ्यांनी दोन जण ठार आणि एक जखमी झाला. रायफल त्याच्यासाठी एका मित्राने विकत घेतली होती, कारण वयामुळे त्याला ती स्वतः विकत घेता येत नव्हती. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी ज्यूरीने त्याला सर्व आरोपांतून मुक्त केले.

येथे ‘गोळ्या कोणी झाडल्या?’ हा वादच नव्हता. त्या राज्याच्या कायद्यानुसार स्वसंरक्षणाचा प्रश्न उपस्थित झाला, की ते स्वसंरक्षण नव्हते हे वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याचा भार सरकारपक्षावर पडतो. तो भार पेलला गेला नाही, एवढाच निकालाचा गाभा. त्या काही क्षणांत त्याला जिवाची वाजवी भीती होती काय, हे ज्यूरीपुढे होते. अल्पवयीन मुलाने रायफल घेऊन तेथे जावे काय, हा प्रश्न मुख्य आरोपांच्या चौकटीबाहेरच राहिला. शस्त्र बाळगण्याचा आरोप न्यायाधीशांनी ज्यूरीपुढे जाण्याआधीच रद्द केला होता. अमेरिकेच्या एका अर्ध्या भागाने निकालातून ‘त्याने योग्यच केले’ असे ऐकले. महिनाभरातच एका राजकीय संमेलनात त्याचे उभे राहून टाळ्यांच्या गजरात स्वागत झाले. दुसऱ्या अर्ध्या भागाने ‘खुनी सुटला’ असे म्हटले. दोन्ही बाजूंनी कायद्याच्या एका मर्यादित उत्तराला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मानले.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदूक हा हक्क नसून परवान्याने मिळणारी सवलत आहे आणि २१ वर्षांखालील व्यक्तीस साधारणपणे ती मिळत नाही. त्यामुळे केनोशासारखा खटला येथे जसाच्या तसा उभा राहण्याची शक्यता कमी. तथापि एक सामाजिक फरक अधिक महत्त्वाचा आहे. स्वसंरक्षणाचा कायदा सर्वांसाठी समान असला, तरी प्रतिकाराचे साधन सर्वांकडे समान नसते. ज्याच्या हाती रायफल आहे, तो एकटा उभा राहू शकतो. ज्यांच्या हाती तिखटाची पूड आहे, त्यांना संख्येची गरज भासते. कस्तुरबानगरच्या घटनेत जमाव हेच शस्त्र होते. कायदा मात्र जमावाकडे बंदुकीपेक्षाही अधिक संशयाने पाहतो.

नानावटी : गणवेशाची पुण्याई

मुंबईतील नानावटी खटला हा महाराष्ट्राच्या स्मृतीतील अशा वादाचा आद्य नमुना होय. नौदल अधिकारी कावस माणेकशा नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला रिव्हॉल्व्हरच्या तीन गोळ्यांनी ठार केले आणि नंतर स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले. रिव्हॉल्व्हर जहाजावरून कारण सांगून घेतलेले होते. झटापटीत गोळ्या सुटल्या, असा बचाव करण्यात आला. सत्र न्यायालयातील ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने ‘दोषी नाही’ असा कौल दिला. सत्र न्यायाधीशांनी तो न स्वीकारता प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले. उच्च न्यायालयाने नानावटींना जन्मठेप सुनावली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पत्नीने कबुली दिल्यापासून गोळीबारापर्यंत मध्ये सुमारे तीन तास गेले होते. मन ताब्यात आणण्यास तो अवधी पुरेसा होता, असे न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी नमूद केले. स्नान करून आलेल्या आहुजाच्या अंगावरचा टॉवेल तसाच राहिला, ही बारीकशी वस्तुस्थिती झटापटीच्या कहाणीस मारक ठरली.

ज्यूरीचा कौल आणि उच्च न्यायालयाचा निर्णय यांच्यातील अंतर ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाच्या मोहिमेने व्यापले होते. रुसी करंजिया यांच्या त्या पत्राने नानावटींना पापभीरू पती आणि देशसेवक अधिकारी म्हणून उभे केले. आहुजा हा विलासी श्रीमंत ठरला. पारशी आणि सिंधी समाजांच्या प्रतिष्ठेचाही प्रश्न त्यात गुंतला. अखेर १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. न्यायालयाने नाकारलेले चौथे विधान लोकमताने आणि राज्यसत्तेने अशा रीतीने मान्य केले.

हिंदी चित्रपटाने हीच परंपरा पुढे चालवली. ‘ये रास्ते हैं प्यार के’ (१९६३) आणि गुलजारांचा ‘अचानक’ (१९७३) यांनी त्या घटनेतील मानसिक ताण तपासला. ‘रुस्तम’ (२०१६) मध्ये मात्र नायकाचा गणवेश हाच त्याचा सर्वांत मोठा पुरावा बनला आणि मत्सराच्या जोडीला देशभक्तीचे कथानक आले. चित्रपट मुक्ततेवर संपतो. उच्च व सर्वोच्च न्यायालयांनी ती उलटवल्याची वस्तुस्थिती त्याच्या नायकाला स्पर्श करीत नाही. नायकाला निष्कलंक ठेवण्यासाठी इतिहासाचा उत्तरार्धच वगळावा लागला, ही या चित्रणाची खरी मर्यादा होय.

नागपूर : स्तुतीतील अंतर्विरोध

केनोशा आणि मुंबई येथे कृत्य कोणाच्या हातून झाले, हे उघड होते. नागपूरचे प्रकरण येथेच मूलतः वेगळे ठरते. २०१४ चा निकाल तिसऱ्या विधानाचा नव्हे, तर दुसऱ्या विधानाचा आहे. ही हत्या स्वसंरक्षण होती असे त्यात म्हटलेले नाही. आरोपींनी ती केल्याचे सिद्ध झाले नाही, यावर ती मुक्तता आधारलेली आहे. वस्तीच्या कृतीला ‘स्वसंरक्षण’ हे नाव समाजाने दिले. त्या नावाची कायदेशीर कसोटी लागलीच नाही.

यातून निर्माण होणारा पेच गंभीर आहे. ‘अक्कूला संपवणाऱ्या रणरागिणी’ असा गौरव करणारा लेखक चौथे विधान करतो. आणि चौथे विधान करण्यासाठी त्याला आधी मान्य करावे लागते, की कृत्य त्यांनीच केले. न्यायालयाने जे सिद्ध मानले नाही, ते स्तुती सिद्ध मानून चालते. ज्या स्त्रीने दहा वर्षे तारखांना हजर राहून ‘मी नव्हते’ असे सांगितले, तिला टाळ्या वाजवणारा समाज ‘तूच होतीस’ असे सांगतो. सद्भावनेने केलेला हा सत्कार परिणामी आरोपपत्राचीच पुनरुक्ती ठरतो. निंदकांपासून मुक्त झालेल्या व्यक्तीचे रक्षण निकाल करतो; चाहत्यांपासून तिचे रक्षण करणारी तरतूद कोणत्याही कायद्यात नाही.

‘आम्हा सर्वांनाच अटक करा’ या घोषणेचा अर्थही या प्रकाशात नव्याने पाहावा लागतो. सार्वजनिक चर्चेने तिला सामूहिक कबुलीजबाब मानले. वस्तुतः ती कबुली नसून ढाल होती. सर्वांनी जबाबदारी घेतली, की कोणा एकीवर ती निश्चित करता येत नाही. फौजदारी कायदा व्यक्तीला ओळखतो, वस्तीला नाही, हे ज्यांना शाळेत कोणी शिकवले नव्हते, त्यांनी ते पोलीस ठाण्याच्या पायऱ्यांवर ओळखले होते. ही अनामिकता हेच त्यांचे खरे संरक्षण होते. गौरवाला मात्र चेहरा लागतो, नाव लागते, मुलाखत लागते.

देवीच्या उपमांनी हाच घोटाळा अधिक गडद केला. दुर्गा, काली, महिषासुरमर्दिनी या प्रतिमा अशा प्रसंगी सहज सुचतात. मराठी नाट्यपरंपरेतही याचे पूर्वरूप आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ (१९०७) या नाटकात सैरंध्रीची विटंबना आणि तिचे गाऱ्हाणे ऐकूनही स्वस्थ बसणारी राजसभा हे परकीय सत्तेचे रूपक झाले होते. इंग्रज सरकारने १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. सत्ता दाद देत नाही तेव्हा पीडितांच्या बाजूने हात उचलला जातो, हे सूत्र मराठी प्रेक्षकाच्या ओळखीचे आहे. तथापि रूपकात जे शोभते, ते खटल्यात घातक ठरते. देवीला जामिनाची गरज नसते, तारखेच्या दिवशी तिची मजुरी बुडत नाही आणि तिला साक्षीदार तपासावे लागत नाहीत. धुणीभांडी करून संसार चालवणाऱ्या स्त्रीला देवीच्या आसनावर बसवले, की तिच्या दहा वर्षांच्या फेऱ्यांची किंमत कोणी विचारीत नाही.

पडद्यावरील कस्तुरबानगर

या प्रकरणावर आधारलेल्या दोन कृतींचा येथे विचार करणे उचित ठरेल. सार्थक दासगुप्ता दिग्दर्शित ‘२०० हल्ला हो’ हा हिंदी चित्रपट ऑगस्ट २०२१ मध्ये झी फाइव्हवर प्रदर्शित झाला. त्यात घटनेला कल्पित नावे दिली असून गुंडाचे नाव बल्ली चौधरी आहे. अमोल पालेकर यांनी विठ्ठल डांगळे या निवृत्त दलित न्यायाधीशाची, तर ‘सैराट’मुळे परिचित झालेल्या रिंकू राजगुरू यांनी वस्तीतील शिक्षित तरुणी आशा सुर्वे हिची भूमिका केली आहे. उमेश विनायक कुलकर्णी दिग्दर्शित ‘इंडियन प्रिडेटर : मर्डर इन अ कोर्टरूम’ ही तीन भागांची वृत्तमालिका ऑक्टोबर २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. ‘वळू’, ‘विहीर’, ‘देऊळ’ यांसारख्या चित्रपटांतून गावाच्या सामूहिक मनाचा वेध घेणाऱ्या दिग्दर्शकाने या विषयाकडे वळावे, यात संगती आहे.

‘२०० हल्ला हो’चे सर्वांत मोठे सामर्थ्य जातीचा प्रश्न स्पष्टपणे मांडण्यात आहे. २००४ नंतरच्या पुष्कळशा वृत्तांकनात ‘स्त्रिया विरुद्ध गुंड’ एवढीच मांडणी झाली होती. या वस्तीची तक्रार नोंदवली का जात नाही, तेथील स्त्रीच्या शब्दाला वजन का नाही, या प्रश्नांचे उत्तर जातीशिवाय मिळत नाही, हे चित्रपट ठामपणे सांगतो. डांगळे या पात्राची रचनाही विचारपूर्वक केलेली आहे. संविधानावर निष्ठा असलेला, परंतु स्वतःच्या जातीय ओळखीपासून अंतर राखून राहिलेला हा न्यायाधीश सत्यशोधन समितीच्या निमित्ताने त्या अंतराचीच चौकशी करू लागतो. पालेकरांचा संयत अभिनय या द्वंद्वाला न्याय देतो.

चित्रपटाची मर्यादाही याच ठिकाणी आहे. स्त्रियांची नैतिक बाजू सिद्ध करण्याच्या ओघात त्यांनी हत्या केली, हे तो गृहीत धरतो. शीर्षकातील ‘२००’ हा आकडा तेच करतो. वृत्तांतून फिरणारा एक अंदाज चित्रपटात निश्चित संख्या होऊन बसतो. शिवाय कथानकाच्या गरजेपोटी खटल्याचा दीर्घ काळ आकुंचन पावतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या मराठी चित्रपटाने तारखा, टिपणे, तांत्रिक अडचणी आणि कंटाळा यांतूनच न्यायव्यवस्थेचे दर्शन घडवले होते. कस्तुरबानगरच्या दहा वर्षांना तशा दृष्टीची अधिक गरज होती. हल्ला काही मिनिटांचा होता. शिक्षा मात्र निकालाआधीच, हप्त्याहप्त्याने दहा वर्षे भोगली गेली.

वृत्तमालिका अधिक सावध आहे. वस्तीतील रहिवासी, पत्रकार, वकील आणि पोलीस यांची निवेदने ती शेजारीशेजारी ठेवते, त्यामुळे घटनेचे एकच एक सत्य असल्याचा आभास निर्माण होत नाही. परंतु तिचे शीर्षक आणि ज्या मालिकासमूहात ती प्रसिद्ध झाली तो संदर्भ यांनी तिच्यावर एक साचा लादला आहे. ‘प्रिडेटर’ म्हणजे सावज हेरणारा शिकारी प्राणी. शिकारी ठरवला, की तो कसा घडला, त्याला कोणी मोकळे सोडले, तक्रारदार स्त्री परत पाठवली गेली तेव्हा ठाण्यात कोण बसले होते, हे प्रश्न पार्श्वभूमीत जातात. एका कृतीचे शीर्षक जमावाची संख्या मोजते, दुसरीचे शीर्षक गुन्हेगाराचे वर्णन करते. पोलीस ठाणे कोणत्याच शीर्षकात नाही.

जमावाच्या न्यायाची कसोटी

कस्तुरबानगरच्या कृतीचे समर्थन करणाऱ्यांचा मुख्य युक्तिवाद असा, की राज्याने संरक्षण नाकारले म्हणून संरक्षणाचा हक्क लोकांकडे परत आला. या युक्तिवादात तथ्य आहे. ‘दाद मागण्यास वेळ असेल तर हक्क नाही’ ही कायद्यातील मर्यादा एक गृहीतक धरून चालते. ते म्हणजे दाद मागितली असता ती मिळते. वर्षानुवर्षे तक्रारी करूनही दखल घेतली गेली नाही, असे रहिवाशांचे म्हणणे आहे. अशा ठिकाणी वेळ भरपूर असतो, दाद मात्र नसते. दीर्घकाळ साचत गेलेल्या प्रक्षोभाचा विचार मद्रास उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एका स्त्रीच्या खटल्यात केला होता. कायद्याला ही दिशा अपरिचित नाही.

परंतु हाच युक्तिवाद ‘लोकांनी केले म्हणजे न्याय झाला’ असा सुटसुटीत केला, की तो घातक होतो. नागपूरच्या घटनेनंतर दोनच वर्षांनी, २९ सप्टेंबर २००६ रोजी, शेजारच्या भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे जमावाने एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या केली. दोन्ही घटनांची नैतिक बरोबरी करणे हा अन्याय ठरेल. एका ठिकाणी पीडितांचा समूह होता, दुसऱ्या ठिकाणी पीडकांचा. परंतु जमाव स्वतःला नेहमी पीडितच समजतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून पाच भटक्या भिक्षेकऱ्यांना ठार मारणारा जमावही आपल्या मुलांचे ‘संरक्षण’ करीत होता. जमावाच्या न्यायाला मान्यता देणारा नियम एकदा स्वीकारला, की कोणत्या जमावाने तो वापरायचा, हे ठरवण्याचा अधिकार नियम मांडणाऱ्याच्या हाती राहत नाही. आणि जमावात बहुसंख्येचे बळ क्वचितच दलित वस्तीच्या बाजूने असते.

राज्याने स्वतःच ही भाषा उचलली, तर काय होते, याचेही उदाहरण उपलब्ध आहे. ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ बलात्कार व खुनाच्या गुन्ह्यातील चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. आरोपींनी शस्त्रे हिसकावल्यामुळे स्वसंरक्षणार्थ गोळ्या झाडल्या, असा पोलिसांचा दावा होता. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. नागपूरला वकिली केलेले सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २०२२ मध्ये हा दावा विश्वासार्ह नसल्याचा आणि गोळीबार ठार मारण्याच्या हेतूने झाल्याचा निष्कर्ष मांडला. फुलांची बातमी देशभर गेली. अहवालाची बातमी तितक्या लोकांपर्यंत पोचली नाही. कस्तुरबानगरात पोलिसांनी संरक्षण दिले नाही ही तक्रार आणि हैदराबादेत पोलिसांनीच गोळ्या झाडल्या याचा आनंद, या दोन्हींमागे एकच हताशा आहे. खटला नावाची प्रक्रिया आपल्या उपयोगाची नाही, अशी ती हताशा होय.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की स्वसंरक्षणाच्या प्रकरणांतील मुक्ततेवर होणारी सार्वजनिक चर्चा बहुधा न्यायालयाच्या उत्तरावर न होता समाजाच्या स्वतःच्या गरजांवर होत असते. केनोशाच्या तरुणात एका गटाला आपला रक्षक दिसला, नानावटींच्या गणवेशात मध्यमवर्गाला आपली प्रतिष्ठा दिसली आणि कस्तुरबानगरच्या स्त्रियांत सुरक्षित वस्त्यांतील वाचकांना आपल्या संतापाचे प्रतिनिधित्व दिसले. तिन्ही ठिकाणी चौथे विधान इतक्या मोठ्या आवाजात केले गेले, की निकालाचे नेमके शब्द ऐकू आले नाहीत.

नागपूरच्या संदर्भात या गोंधळाची किंमत सर्वाधिक आहे. ज्यांची मुक्तता ‘सिद्ध झाले नाही’ या शब्दांवर उभी आहे, त्यांचा गौरव ‘त्यांनीच केले’ या शब्दांवर करणे म्हणजे त्यांच्या पायाखालची जमीन काढून घेणे होय. त्याचबरोबर त्या गौरवामुळे चर्चेचा रोख हत्येच्या काही मिनिटांवर स्थिर होतो आणि त्याआधीच्या अनेक वर्षांचा हिशेब मागे पडतो. तक्रारी कोणी नोंदवल्या नाहीत, कोणत्या अधिकाऱ्याने काय केले, त्याची जबाबदारी कोणावर निश्चित झाली, हे प्रश्न वीस वर्षांनंतरही ‘योग्य की अयोग्य’ या वादाच्या आवाजात दबून राहिले आहेत.

विधी, समाजशास्त्र, स्त्री-अभ्यास किंवा मराठी साहित्य यांपैकी कोणत्याही विषयाच्या वर्गात हे प्रकरण चर्चेला आले, तर ‘त्या स्त्रियांनी बरोबर केले का?’ या प्रश्नाने सुरुवात करण्याचा मोह टाळावा लागेल. त्या प्रश्नात आरोप आधीच सिद्ध मानलेला असतो. त्याऐवजी कोणत्या परिस्थितीत एका संपूर्ण वस्तीला न्यायालयाची इमारत ही न्याय मागण्याची नव्हे, तर आरोपी हाती लागण्याची एकमेव जागा वाटली, हे विचारणे अधिक फलदायी ठरेल. त्या प्रश्नाचे उत्तर आरोपपत्रातील कोणाही स्त्रीपुरुषाला द्यावे लागत नाही. ते ज्यांनी द्यायला हवे होते, त्यांच्यावर खटलाच चालला नाही.